आजीचे तीन बंदे रुपये

आजचा भाग आजीच्या पितळी डब्यातून आलाय. त्यात तीन जुने रुपये होते. तिच्या लग्नात तिच्या वडिलांनी दिलेले. ती म्हणायची, "बंदे रुपये आहेत, मोडायचे नाहीत." गेल्या महिन्यात तिनेच ते माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "बघून ये बाबा, किती येतात." मी सराफाकडे गेलो.

पहिला राणीछाप, १८६२ चा. वजन ११.६६ ग्रॅम, त्यात बारापैकी अकरा भाग चांदी, म्हणजे साधारण १०.७ ग्रॅम.

दुसरा १९४२ चा, सहाव्या जॉर्जचा. वजन तेवढंच. पण दुसऱ्या महायुद्धात चांदी पुरेना, म्हणून १९४० मध्ये सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. बाकी तांबं, निकेल आणि जस्त. १९४७ च्या रुपयात तर चांदीच नव्हती, नुसतं निकेल!

तिसराही राणीछाप. पण काट्यावर जेमतेम साडेनऊ ग्रॅम भरला. आकार तोच, वजन कमी. कारण चांदी पितळेपेक्षा जड असते. सराफाने कड घासली आणि खालून पिवळं दिसलं. पितळेवर चांदीचा मुलामा! असा थर इतका पातळ असतो की वितळवून हाती काहीच लागत नाही.

आता गंमत ऐका. आपल्याला वाटतं, पूर्वी रुपयाची किंमत म्हणजे त्यातली चांदी. १८९३ पर्यंत ते बरंचसं खरं होतं. कोणीही चांदी घेऊन मुंबईच्या टांकसाळीत जायचं, थोडं शुल्क भरायचं आणि रुपये पाडून घ्यायचे. पण जगभर चांदी स्वस्त होत गेली, तसा रुपयाही घसरत गेला. शेवटी १८९३ मध्ये सरकारने लोकांसाठी ही सोय बंद केली. त्यानंतर रुपया आतल्या चांदीपेक्षा महाग झाला. म्हणजे अस्सल राणीछापसुद्धा थोडा चांदीवर आणि थोडा विश्वासावर चालत होता.

मग मुलाम्याच्या रुपयात वेगळं काय? १९४० मध्ये सरकारने चांदी कमी केली ती कायदा करून, सगळ्यांना सांगून. मुलामा देणाऱ्याने कोणालाच सांगितलं नाही. फरक एवढाच, पण तोच सगळा फरक आहे.

घरी आलो. खरं सांगू की नको, असं झालं होतं. शेवटी सांगितलं. आजी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या वडिलांनाही कोणीतरी फसवलंच की रे." आणि तिन्ही रुपये परत डब्यात ठेवले.

तुमच्या घरी असे रुपये असतील तर आधी वजन करा. नुसत्या खणखणाटावर जाऊ नका, पितळही वाजतं. आणि हो, ते कुणी दिले, हेही आजीला विचारून ठेवा. ते कुठल्याच काट्यावर कळत नाही.

भेटू पुढच्या भागात!