थेऊरचा शोक आणि रतनपूरचे मौन

नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान आहे. इतिहासाच्या भक्तीलाही तोच क्रम लागू पडावा, असा अनुभव आम्हांस नुकताच आला. पुरानी बस्तीतील आमच्या बिऱ्हाडी, महामायेच्या देवळातील सायंकाळची आरती आटोपल्यावर, रणजित देसाई यांची ‘स्वामी’ आम्ही ध्वनिमुद्रित रूपात रोज थोडथोडी ऐकली. १९६२ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी विद्यार्थिदशेत वाचली होतीच. परंतु वाचताना डोळा पुढे धावतो, नकोसे पान उलटता येते. ऐकताना ती सोय नाही. सांगणाराचा आवाज थेऊरच्या वाटेने संथपणे जात राहतो आणि श्रोत्यास त्याच्यामागून जावे लागते.

शेवट ठाऊक असूनही मन गलबलते. पानिपतानंतर, १७६१ साली, सोळाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रे अंगावर आलेला माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरास क्षयाने गेला. वय अवघे सत्तावीस. मागोमाग रमाबाई सती गेल्या. त्या रात्री आमच्या घरात बराच वेळ कोणी बोलले नाही.

आमच्या छत्तीसगढी घरमालकीणबाई ओसरीवर बसून ऐकत. भाषा त्यांस अर्धीच कळे, पण शोक पुरता कळला. दुसऱ्या दिवशी त्यांनी सहज विचारले, “हा राजा इकडे कधी आला होता का?” आम्ही ‘नाही’ म्हणालो, आणि ते उत्तर अपुरे आहे हे आमचे आम्हांसच जाणवले.

राजा आला नाही. मराठे मात्र आले होते. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करराम यांनी रतनपूर जिंकले. पुढे रघूजींचे पुत्र बिंबाजी यांनी तेथेच राहून कारभार केला. त्यांचेच थोरले बंधू जानोजी. कादंबरीतील तरुण पेशव्यास ज्यांनी फार त्रास दिला, ते हेच. १७६३ साली ते निजामाच्या बाजूने पुण्यावर चालून गेले, राक्षसभुवनाच्या वेळी निजामास सोडून पेशव्यांकडे वळले आणि अखेर १७६९ मध्ये कनकापूरच्या तहाने नमले. म्हणजे ज्या भूमीवर बसून आम्ही पेशव्यासाठी डोळे पुसत होतो, ती त्याच्या प्रतिपक्षाच्या घराण्याची होती!

बिंबाजी १७८७ साली वारले. त्यांची पत्नी उमाबाई सती गेली, असे या प्रांताचे इतिहासकार नमूद करतात. रमाबाईंचे नाव घरोघर ठाऊक आहे. उमाबाईंचे आपल्यापैकी किती जणांनी ऐकले असेल? चिता दोन्ही ठिकाणी सारखीच दाहक होती. एकीला कादंबरीकार लाभला, दुसरीला लाभला नाही, एवढाच भेद.

यापुढचा भाग आपणां परप्रांतस्थ नोकरदारांच्या अधिक जिव्हाळ्याचा आहे. बिंबाजींनंतर येथे सुभेदार आले, परगण्यांवर कमाविसदार नेमले गेले. मालक नागपुरास, वसुली छत्तीसगढात. मुलूख परका, मुक्काम तात्पुरता आणि लक्ष वरच्या हुकमाकडे! १८१८ नंतर इंग्रजांच्या देखरेखीत मुख्य ठाणे रतनपूरहून रायपुरास आले आणि तो अध्याय मिटत गेला. त्या कमाविसदारांच्या मागे विलाप करणारे येथे कोणी असेल, असे आम्हांस वाटत नाही. आपल्या बदलीनंतर कोणास काय वाटेल, हा प्रश्न त्यावरून मनात आल्यावाचून राहत नाही.

यात कादंबरीकाराचा दोष नाही. एका जिवाचे दुःख आपल्या काळजापर्यंत पोचविणे हे त्याचे काम, आणि ते त्याने उत्तम केले आहे. हिशेब पाहणे हे इतिहासाचे काम आहे; ते श्रोत्याने स्वतः केले पाहिजे. केवळ स्वजनांच्या दुःखाने जो रडतो, त्याने इतिहास अर्धाच ऐकला.

रतनपूर बिलासपुराहून सुमारे २५ किलोमीटरवर आहे. बिंबाजींनी बांधविलेले रामाचे मंदिर तेथील टेकडीवर उभे आहे. घरमालकीणबाईंस घेऊन एका रविवारी तेथे जावे, असे आम्ही ठरविले आहे. बदलीचा हुकूम येण्यापूर्वी त्यांच्या प्रश्नाचे पुरे उत्तर देणे आम्हांवर लागू आहे.