पडलेल्या भिंतीचं अंगण

आज मध्येमध्ये ठक-ठक असा आवाज येईल. तो छिन्नीचा आहे. एडिट करून काढणार होतो, पण एपिसोडच त्याच्यावर आहे, म्हणून राहू दिला. वर्क फ्रॉम होमच्या कृपेनं दोन महिने मी कोयनानगरला घरी आहे आणि आमच्या अंगणात दगडी फरशी बसतेय.

सुरुवात दुकानातून झाली. फरशी दाखवा म्हटलं, तर समोर तीन नावं आली: कोटा, कडप्पा, शहाबादी. कोटा राजस्थानचा, कडप्पा आंध्रचा, शहाबादी कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातली. आणि आम्ही राहतो कुठं? नुसत्या काळ्या दगडावर! भूकंपाच्या अभ्यासासाठी आमच्या भागात खोल बोअर घेतल्या, तेव्हा खालचा ग्रॅनाइट लागेपर्यंत एक किलोमीटरच्या आसपास बेसॉल्टच होता. मग फरशी बाहेरून का आणायची?

उत्तर दगडाच्या जन्मात आहे. शहाबादी म्हणजे चुनखडी. जुन्या समुद्राच्या तळाशी गाळ थरावर थर साचत गेला, म्हणून ती वहीच्या पानांसारखी सुटते. पहार घातली की सपाट लादी तयार. आपला काळा दगड म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. त्याला तशी पानं नाहीत, तो फुटेल तसा फुटतो. वडार आणि पाथरवट समाजातल्या माणसांनी घण-छिन्नीनं त्याचं एकेक तोंड घडवायचं, तेव्हा कुठं देवळाची पायरी व्हायची. साध्या घराच्या अंगणाला एवढी मजुरी कोण देणार? तिथं शेणाचा सडा. त्यात १८७१ मध्ये मुंबई-रायचूर रेल्वे पुरी झाली आणि शहाबाद त्याच मार्गावर. जड मालाला आणखी काय पाहिजे?

मग आमच्या परड्यात काळ्या दगडांचा ढीग कुठून आला? तो आमच्या जुन्या घराच्या भिंतीचा. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. भूकंपाची तीव्रता सहाच्या वर, माणसं गेली पावणेदोनशेच्या वर. मुंबईची वीज गेली. आजी तेव्हा एकवीस वर्षांची. ती बाहेर आली, तिची सासू भिंतीखाली राहिली. नंतर कितीतरी रात्री सगळे थंडीत याच अंगणात झोपले. नवं घर विटांचं बांधलं, आणि त्या दगडांना कुणी हात लावला नाही.

आता मी इंजिनिअर, जरी सॉफ्टवेअरचा असलो तरी, मला एक गोष्ट खटकायची. धरणसुद्धा दगडाचंच आहे की! काँक्रीटमध्ये मोठमोठे दगड बसवून १०३ मीटर उंच उभं केलेलं. त्यालाही वरच्या भागात, जिथं उतार बदलतो तिथं, दोन्ही अंगांना तडे गेले, पण ते उभं राहिलं. नंतर ते आणखी मजबूत केलं. तिथं दगड सिमेंटनं धरलेला होता. आमच्या भिंतीत बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये डबर आणि माती. दोन्ही थरांना शिवणारा, आरपार जाणारा लांब दगड जवळजवळ नाहीच. हादरा बसला की एक थर बाहेर, एक आत. आणि आत माणसं झोपलेली.

हे सगळं मी आजीला भीत भीत सांगितलं आणि विचारलं, "आजी, ते दगड अंगणात घालू का?" ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "भुईवर हाय त्यो आनि कुठं पडायचा? घाल."

मिस्त्रींना आधी पटेना. मग त्यांनीच युक्ती काढली. भिंतीच्या दगडाचं एक तोंड घडवलेलं, मागची शेपूट निमुळती. तोंड वर, शेपूट मुरमात. वीतभर माती काढली, मुरूम टाकला, पाणी मारून धुमसानं ठोकला, दगड बसवले, फटींत कच भरली. सिमेंट नाही. आमच्याकडं वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. फटींतून पाणी मुरतं, उरलेलं ढाळावरून जातं. ढाळ चार फुटांना एक इंच, घराच्या उलट बाजूला. (पहिल्यांदा तो घराकडंच निघाला होता. लेव्हल मी धरली होती. पुढं जाऊया.)

दगड निम्म्याच अंगणाला पुरले. उरलेल्या निम्म्यात शहाबादी, तीही रफ. पॉलिश केलेली आमच्या पावसात म्हणजे घसरगुंडी. शेवाळ काढायला तिच्यावर अ‍ॅसिड मात्र ओतू नका, चुनखडी आहे, खाऊन टाकतं.

काल आजीनं ढिगातला एक दगड ओळखला. जुन्या दाराजवळचा, दार फिरायची खोबण असलेला. तो पायरीला लावून बसवायला सांगितला. मिस्त्री म्हणाले, "आजी, खोबणीत पाणी साचंल."

"साचू दे. चिमण्या पितील."

आता तुम्हाला ऐकू येतंय ना, ती छिन्नी त्याच दगडावर चाललीय.