चिंध्या आणि सूट

परवा नातवाच्या शाळेत वेशभूषा स्पर्धा होती. त्याला गाडगेबाबा व्हायचं होतं. सूनबाईंनी नव्या कोऱ्या कापडाचे तुकडे आणून छान रंगसंगतीत जोडले, वर इस्त्रीही केली. मी म्हटलं, "अगं, त्या चिंध्या आहेत, जरा मळू देत की!" ती हसली. नातू मात्र विचारत होता, "आजी, बाबा नवे कपडे का नाही घ्यायचे?" तेव्हा घाईत काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून जाईना.

गाडगेबाबा म्हणजे डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातला. जात परीट. म्हणजे गावाचे कपडे धुणाऱ्यांच्या घरात जन्मलेला हा माणूस १९०५ मध्ये घर सोडून निघाला आणि जन्मभर ठिगळांत राहिला. हातात खराटा आणि एक मडकं. गावात शिरायचं आणि झाडायला लागायचं. बघणाऱ्याला वाटावं, कुणी भिकारी असेल नाहीतर वेडा. रात्री मात्र त्याच माणसाच्या कीर्तनाला सगळा गाव लोटायचा. कर्ज काढून सण करू नका, मुलांना शिकवा, देवापुढे बकरी मारू नका, शिवाशिव पाळू नका, हे सगळं अगदी साध्या वऱ्हाडी बोलीत. लोकांनी दिलेल्या पैशातून नाशिक, पंढरपूर, आळंदीला धर्मशाळा उभ्या राहिल्या. अंगावरच्या चिंध्या मात्र तशाच.

मला वाटतं, त्या चिंध्या म्हणजे एक परीक्षा होती. फक्त पेपर बाबांचा नव्हता, बघणाऱ्यांचा होता.

आता दुसरा पोशाख बघा. डॉ. आंबेडकर म्हटलं की डोळ्यांपुढे सूट येतो. "गरिबांचा पुढारी आणि सुटात?" असं कुत्सितपणे बोलणारे मी स्वतः ऐकलेत. पण ज्यांनी फाटकंच नेसावं अशी समाजाची अपेक्षा होती, त्यांच्यातल्या एकाने नीटनेटका सूट घालणं हेच बंड होतं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांना मुद्दाम सांगितलं होतं, लुगडं पांढरपेशा बायकांसारखं नेसा, स्वच्छ राहा. अर्थात कपड्यांनी सगळं भागत नाही हेही त्यांना ठाऊक होतं. १९१७ मध्ये परदेशातून शिकून ते बडोद्याला नोकरीवर आले, तेव्हा राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून पारशांच्या खानावळीत राहावं लागलं. तेही कळलं आणि लाठ्या घेऊन आलेल्या माणसांनी बाहेर काढलं. अंगावरचा सूट कुणाला दिसला नाही, जात तेवढी दिसली.

एक चिंध्यांतला, एक सुटातला, आणि लढाई एकच. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, ती या ओळखीतूनच. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले आणि २० डिसेंबरला गाडगेबाबा.

हे सगळं मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. आणि तरीही...

१९८०-८१ चं साल असेल. ऐन पावसाळा. पाचवीतला एक मुलगा रंगीत, चुरगळलेला शर्ट घालून आला. "गणवेश रोज धुतलेला हवा" हा वर्गातला नियम माझाच. मी काही न विचारता त्याला घरी पाठवलं. तासाभराने तो परत आला, गणवेशात. गणवेशातून पाणी निथळत होतं. त्याच्याकडे एकच जोड होता. माझा नियम पाळायचा म्हणून रात्री धुतला होता आणि पावसात तो वाळला नव्हता. तो एक शब्द बोलला नाही. मागच्या बाकावर जाऊन कुडकुडत बसला. मीही काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

त्या पेपरात मी नापास झाले ती झालेच.

असो. स्पर्धेत नातवाला बक्षीस मिळालं नाही. रविवारी तो येईल, तेव्हा त्याच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. या मुलाची गोष्ट सांगूनच देईन म्हणते.