सहा काचेच्या नळ्या

आमच्या गावाच्या नावातच रेल्वे आहे. जिल्ह्यात चांदूर बाजार आहे, म्हणून आमचं चांदूर रेल्वे. १८६७ साली मुंबईहून निघालेले रूळ नागपूरला पोचले आणि वऱ्हाडचा कापूस आगगाडीने जाऊ लागला. माझं लहानपण मात्र ट्रकच्या धुरात गेलं.

२००१ मध्ये बाबांनी कर्ज काढून जुन्या ट्रकच्या इंजिनावर टर्बो बसवून घेतला. गाठी भरल्या, अमरावतीकडे निघालो. पोहऱ्याच्या जंगलातला चढ आला आणि गाडी पहिल्यासारखीच रडत चढली. बाबा काही बोलले नाहीत. हप्ता डोळ्यांसमोर असणार.

पंप मिस्त्रीकाकांनी ऐकून घेतलं आणि हसले. "दादा, हवा वाढोली तं तेलबी वाढवा लागते. नाही तं टर्बो नुस्ताच घुमते."

हे एक वाक्य म्हणजे डिझेल इंजिनाचा अर्धा इतिहास आहे, हे मला फार उशिरा कळलं. रुडॉल्फ डिझेलने १८९२ मध्ये पेटंट मागितलं, पण त्याच्या इंजिनात तेल फवारायला दाबलेली हवा लागे. त्यासाठी वेगळा जड कॉम्प्रेसर. असं धूड ट्रकवर कसं चढणार? वाया जाणाऱ्या धुरावर पंखा फिरवून इंजिनात जास्त हवा कोंबायची कल्पना आल्फ्रेड ब्युशीने १९०५ मध्येच मांडली होती. अडलं होतं ते तेलापाशी. १९२७ मध्ये बॉशने डिझेल पंपाचं कारखान्यात उत्पादन सुरू केलं, तेव्हा डिझेल ट्रकचा रस्ता खऱ्या अर्थाने मोकळा झाला. १९५१ मध्ये बंगळूरला मायको कंपनी निघाली, १९५४ मध्ये जमशेदपूरला टेल्कोचे मर्सिडीज ट्रक. तोच पंप मग आमच्या गावात आला.

काकांनी पंप उतरवला. मोठे एलिमेंट टाकले, नोझल बदलले. टर्बोकडून पंपाकडे एक बारीक नळी जोडली: हवेचा दाब वाढला की तेल वाढावं, दाब नसताना उगाच काळा धूर होऊ नये. मग पंप बेंचवर चढवला. समोर सहा काचेच्या नळ्या, प्रत्येक सिलिंडरची एक. सहांतही तेल सारख्या रेषेवर येईपर्यंत ते स्क्रू फिरवत राहिले. रात्र झाली. दुसऱ्या दिवशी गाडीने चढ सहज काढला, आणि हप्तेही फिटले.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सिक्स आलं. नव्या ट्रकमध्ये कॉमन रेल असते. हवा किती, तेल किती, हे सेन्सर पाहून कॉम्प्युटर ठरवतो. धूर खूप कमी झाला आणि ते चांगलंच झालं. तो धूर आमच्याच छातीत जायचा. पण काकांच्या दुकानाचं शटर आता खाली असतं.

आता तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. त्यावरून पळणाऱ्या ट्रकमध्येही हिशोब तोच आहे: जेवढी हवा, तेवढंच तेल. काका तो डोळ्यांनी मोजायचे.