चहाचा डबा: कुलुपापासून फडताळापर्यंत

वाशिम जिल्ह्यातील जऊळका हे अकोला-पूर्णा लोहमार्गावरील गाव. येथील घरांत, विदर्भातील बहुतेक घरांप्रमाणेच, साखरेच्या डब्याशेजारी चहाचा घट्ट झाकणाचा डबा असतो. त्या झाकणाचा इतिहास थेट लंडनपर्यंत जातो.

चहाच्या पेटीला इंग्रजीत ‘कॅडी’ म्हणतात. हा शब्द मलाय भाषेतील ‘काटी’ या वजनावरून आला. एक काटी म्हणजे सुमारे ६०० ग्रॅम. अठराव्या शतकातील श्रीमंत इंग्रज घरांत या पेटीला कुलूप असे. चहा शिळा होईल ही भीती त्यामागे नव्हती. तो चोरीला जाईल ही होती! १७८४ साली ब्रिटिश संसदेने चहावरील कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला, तेव्हा कुठे चोरट्या आयातीचे कंबरडे मोडले.

महाग वस्तूत भेसळ आलीच. एकदा उकळलेली पाने वाळवून, रंगवून पुन्हा विकली जात. १८२६ मध्ये जॉन हॉर्निमन यांनी बंद पाकिटांतून चहा विकण्यास प्रारंभ केला, तो ग्राहकांच्या याच अविश्वासामुळे.

१० जानेवारी १८३९ रोजी लंडनमध्ये आसामच्या चहाच्या पहिल्या आठ पेट्यांचा लिलाव झाला. समुद्रप्रवासात ओल लागू नये म्हणून त्या काळी चहाच्या पेटीला आतून शिशाच्या पातळ पत्र्याचे अस्तर लावत. पुढे त्याची जागा अ‍ॅल्युमिनियमने घेतली. (विषारी शिसे चहाचे रक्षण करीत होते, ही गंमत आज अंगावर काटा आणते.) एवढा खटाटोप कशासाठी? कारखान्यातून निघालेल्या काळ्या चहात पाण्याचा अंश जेमतेम तीन टक्के असतो. अशी कोरडी पत्ती हवेतील ओल आणि शेजारचा वास दोन्ही अधाशीपणे ओढून घेते. ऊन, उष्णता आणि खेळती हवा तिचा सुगंध उडवून नेतात.

मराठी घरांत चहा सहजासहजी शिरला नाही. १८९० साली पुण्यातील पंचहौद मिशनमधील चहापानाला गेल्याबद्दल टिळक, रानडे यांच्यासारख्यांवर ग्रामण्य ओढवले. खरा वाद चहाचा नव्हता. तो कोणाच्या हातचा, याचा होता. १९०३ मध्ये निर्यातीच्या चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून प्रचार सुरू झाला. पुढे तो रेल्वे स्थानकांवरही पोहोचला. चहा कसा करावा हे सांगणारे फलक तेथे लागले. १९३० च्या सुमारास आसामात विल्यम मॅकर्चर यांनी सीटीसी यंत्र आणले. त्यातून निघालेली दाणेदार पत्ती झटपट रंग सोडते आणि थोडक्यात अधिक कप देते. स्वस्त चहाचा मार्ग येथूनच मोकळा झाला.

मात्र डबा भरून ठेवणे प्रत्येकाला परवडणारे नव्हते. रोजच्या मजुरीवर जगणाऱ्यासाठी एका पैशाची पुडी होती. ती त्याच दिवशी संपे. साठवणुकीचा प्रश्नच उरत नसे. ताजा चहा, पण गरिबीमुळे! पुडीच्या या बाजूकडे चहाच्या इतिहासात फारसे लक्ष दिले जात नाही.

ज्यांच्या घरी डबा आला, त्या घरातील बायकांना नवे काही शिकावे लागले नाही. लोणच्याच्या बरणीत ओला हात घालायचा नाही, कुरडया-पापड पावसाआधी बंद डब्यांत भरायचे, हिंगाची डबी वेगळी ठेवायची, हे नियम घरात होतेच. तेच चहाला लागू झाले: कोरडा चमचा, मसाल्यांपासून दूर जागा, चुलीच्या धगीपासून लांबचे फडताळ. काचेची बरणी दिसायला देखणी. पण उजेडात ठेवली तर पत्र्याचा जुना डबाच सरस ठरतो.