ससा, खिमा आणि टोमॅटो : एका घरगुती पदार्थाचे वंशवृत्त

सशाचे मांस बारीक चिरून त्यात भिजवलेला पाव, अंडे, मीठ-मिरे घालावे, गोळे वळून तेलात परतावेत आणि टोमॅटोच्या रश्श्यात मंद आचेवर शिजू द्यावेत. इटलीच्या घरगुती स्वयंपाकातील हा पदार्थ कुणाही पाहुण्याला ‘परंपरागत’ वाटेल. साहित्याच्या वर्गात परंपरा या शब्दावर आम्ही तासन्‌तास बोलतो. या पातेल्यातील ‘परंपरे’चे घटक मात्र एका वयाचे नाहीत, आणि त्यांच्या जन्माचे पुरावे पाहू गेल्यास आपल्याला संहिताचिकित्सेच्या ओळखीच्या वाटेवरूनच जावे लागते.

आरंभ रोमपासून करू. आपिकियुस या पहिल्या शतकातील खवय्याच्या नावावर मोडणारा, पण प्रत्यक्षात चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास संकलित झालेला एक लॅटिन पाकग्रंथ आहे. त्याच्या दुसऱ्या खंडात खिम्याच्या गोळ्यांची चक्क प्रतवारी लावली आहे. पहिला मान मोराच्या मांसाचा, दुसरा फेजंट पक्ष्याचा, तिसरा सशाचा. कोंबडी चौथी आणि कोवळे डुक्कर पाचवे. रसांची आणि अलंकारांची प्रतवारी लावणाऱ्या आपल्या परंपरेच्या वाचकांना ही हौस परकी वाटू नये. याच ग्रंथातील एका कृतीत चिरलेले मांस वाइनमध्ये भिजवलेल्या पावासह कुटायचे, त्यात मिरी, माशांचा खारवलेला रस आणि चिलगोज्यांच्या जातीच्या बिया घालायच्या, गोळा पोटातील चरबीच्या जाळीत गुंडाळायचा आणि आटवलेल्या द्राक्षरसात शिजवायचा, असे सांगितले आहे. चरबीच्या जाळीमागची युक्ती सशाच्या मांसाला विशेष लागू पडते. हे मांस इतके निर्मेद असते की नुसते शिजवल्यास कोरडे पडते. आजची गृहिणी दुधात भिजवलेला पाव किंवा थोडी डुकराची चरबी मिसळते, तीही याच कारणासाठी.

येथे भाषेची एक अडचण सांगितली पाहिजे. मराठीतील ‘ससा’ हा शब्द दोन वेगळ्या प्राण्यांना पुरतो. लॅटिनमध्ये उघड्यावर राहणारा रानससा ‘लेपुस’ आणि बिळे करणारा ‘कुनिकुलुस’. इटालियनमध्ये आजही ‘लेप्रे’ आणि ‘कोनील्यो’ हा भेद आहे. आपल्या माळरानावरचा ससा पहिल्या कुळातला. आपिकियुसच्या प्रतवारीतला दुसरा, मुळात स्पेनकडचा. तो तेथे इतका माजला होता की बालेआरिक बेटांवरील लोकांनी त्याच्या उपद्रवाविरुद्ध ऑगस्टस बादशहाकडे सैन्याची मदत मागितली, असे थोरला प्लिनी नोंदवतो. सशाची अगदी कोवळी, कधी जन्मापूर्वीच काढलेली पिल्ले चवीने खाल्ली जात, हेही त्यानेच लिहून ठेवले आहे.

या पिल्लांवरून एक दंतकथा जन्मली. पोप ग्रेगरी यांनी इसवी सन ६०० च्या सुमारास अशी पिल्ले मांस नव्हेत, मासे होत, असा निर्णय दिला. मग उपवासाच्या दिवसांसाठी फ्रान्समधील मठवासी ससे पाळू लागले आणि त्यातून पाळीव ससा निर्माण झाला, असे ग्रंथांमागून ग्रंथांत छापले गेले. २०१८ मध्ये काही संशोधकांनी मूळ आधार शोधला, तेव्हा असा कोणताही हुकूम सापडला नाही. सापडला तो निराळाच ग्रेगरी, सहाव्या शतकातील तूर नगरीचा बिशप आणि इतिहासकार. त्याने एवढेच लिहिले होते की रोक्कोलेन नावाचा एक आजारी सरदार उपवासपर्वात सशाची पिल्ले खात असे. नावसाधर्म्यामुळे बिशपाचा पोप झाला आणि एका मनुष्याच्या आहाराची धर्माज्ञा झाली. पाठभेदांचे खटले शिकवताना आम्ही हस्तलिखितांतील उदाहरणे देतो. आधुनिक, छापील, विद्वत्‌मान्य ग्रंथांतही लेखनिकाची तीच डुलकी कशी उतरते, याचा यापेक्षा चांगला नमुना आमच्या पाहण्यात नाही. दुय्यम आधारावर संतुष्ट राहणाऱ्या प्रबंधलेखकांनी तो अवश्य जपून ठेवावा!

टोमॅटो या सगळ्यात फार उशिरा येतो. मात्तिओली या वैद्याने १५४४ मध्ये त्याची नोंद वांग्याचा एक प्रकार म्हणून केली आणि वांग्याप्रमाणेच तेल-मीठ-मिरे घालून तो खातात, असे लिहिले. (बंगालीतील ‘बिलाती बेगुन’, म्हणजे विलायती वांगे, हे नावही हेच नाते सांगते.) १५४८ मध्ये पिसा येथे मेदिची घराण्याच्या वाड्यात टोमॅटोची टोपली आली, तेव्हा मंडळी ती उघडून विचारमग्न होऊन पाहत राहिली, असे कारभाऱ्याच्या पत्रातून कळते. मुदपाकखान्यात पाऊल टाकायला या फळाला आणखी दीड शतक लागले. आंतोनियो लातिनी या नेपल्समधील मुदपाकाध्यक्षाने १६९२ ते १६९४ या काळात दोन खंडांत छापलेल्या ग्रंथात टोमॅटोच्या सॉसची कृती आहे : पिकलेले टोमॅटो निखाऱ्यावर भाजायचे, साल काढून बारीक चिरायचे, कांदा, मिरची, रानओवा, मीठ, तेल आणि व्हिनेगर घालायचे. मराठी वाचकाला हा थेट भरताचा भाऊ वाटेल. लातिनी त्याला ‘स्पॅनिश पद्धतीचा’ म्हणतो, आणि तेव्हा नेपल्सवर स्पेनचीच सत्ता होती. म्हणजे आज ज्याला इटलीचा आत्मा म्हणतात, तो सॉस पहिल्यांदा छापला गेला तो परकीय म्हणून. शिवाय तो उकडलेल्या मांसाबरोबरचे तोंडीलावणे होता. त्यात काही शिजवायचे नव्हते.

शब्दांचा इतिहासही असाच वळणाचा. ‘पोल्पेत्ता’ म्हणजे आज खिम्याचा गोळा, पण पंधराव्या शतकातील आचारी मार्तीनो याच शब्दाने वासराच्या मांसाचे पातळ काप गुंडाळून सळईवर भाजतो. शब्द टिकला, वस्तू बदलली. आपला ‘खिमा’ तुर्कीतील चिरण्याच्या क्रियेवरून आला, ‘कोफ्ता’ फारसीतील कुटण्याच्या. रोमन ‘इसिकियुम’चे मूळही कापण्यातच सांगतात. सामान्य घरांत मात्र हे गोळे किती पिढ्या झाले असतील, याची नोंद ग्रंथांत शोधणे कठीण. राजवाड्यांतील आचारी लिहीत. घरातील बाई लिहीत नसे, कारण जे सर्वांना येते ते लिहायचे कशाला?

पेल्लेग्रीनो आर्तुसी यांनी फिरेंझे येथे १८९१ मध्ये स्वखर्चाने काढलेल्या पाकग्रंथात हे मौन गमतीदार रीतीने फुटते. पोल्पेत्ते शिकवण्याचे धाडस आपण करत नाही, ते तर गाढवापासून सर्वांना येतात, अशा आशयाचे वाक्य टाकून ते लगेच कृती देतात! उरलेले उकडलेले मांस, पाव, अंडे, चीज, हवे असल्यास बेदाणे आणि तेच पाइनचे दाणे. टोमॅटोबद्दलही त्यांनी एक किस्सा दिला आहे. रोमान्यातील एका गावात प्रत्येक घराच्या भानगडीत नाक खुपसणारा पाद्री होता. लोकांनी त्याचे नाव ‘दोन पोमोदोरो’ ठेवले, कारण टोमॅटोही सगळीकडे असतोच.