बासरीत वाजते ते काय?



पपईच्या पानाचा लांब देठ तोडून त्याची पिपाणी आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी वाजवली असेल. आज पुन्हा एकदा तसा एक देठ घ्या. त्याची दोन्ही टोके नीट कापा, चीक पुसून टाका, आणि एका टोकाला खालचा ओठ टेकवून त्यावरून आडवी फुंकर घाला. मंदसा सूर निघेल. आता खालचे टोक बोटाने बंद करा आणि पुन्हा फुंका. सूर एकदम खाली उतरेल, आणि तोही थोडाथोडका नव्हे, जवळजवळ एक सप्तक! देठ तोच, फुंकणारे तोंडही तेच. मग बदलले काय?

बदलली ती आतल्या हवेची वाट. नळीतली हवा ही एखाद्या लवचिक कांबीसारखी असते. ती दबते आणि पुन्हा फुगते. फुंकरीने तिला धक्का बसला की दाबाची एक लाट नळीतून धावत जाते, दुसऱ्या टोकावर आपटते आणि परत फिरते. हवेत ही लाट सेकंदाला सुमारे 340 मीटर धावते. दोन्ही टोके उघडी असली, तर एक जाण्याची आणि एक येण्याची अशा दोन खेपांत तिचे एक आवर्तन पुरे होते. एक टोक बंद असले, तर त्याच आवर्तनाला चार खेपा लागतात. म्हणून 34 सेंटिमीटर लांबीच्या उघड्या नळीत सेकंदाला सुमारे 500 कंपने होतात आणि बंद नळीत 250. कंपने निम्मी झाली की सूर एक सप्तक उतरतो, हे तुम्ही जाणताच.

पण फुंकर तर सलग असते. मग तिचे असे तुकडे कोण पाडतो? बासरीत ते काम तोंडाजवळच्या भोकाची कड करते. फुंकरीचा झोत त्या कडेवर आपटतो आणि एकदा आत, एकदा बाहेर असा हेलकावतो. सनईत पत्ती उघडझाप करते, तुतारीत वाजवणाराचे ओठच थरथरतात. झोपाळ्यावरच्या मुलाला आपण नेमक्या वेळी धक्का देतो ना, तसेच हे आहे. धक्का देते ती फुंकर; पण तो केव्हा द्यायचा हे मुख्यतः आतल्या हवेची ये-जा ठरवते. थोडक्यात, बासरीत वाजते ती हवा. बांबू वाजत नाही. तो हवेला घर देतो. बोटाखालचे भोक उघडले की ते घर आखूड होते आणि सूर चढतो.

आपल्या पूर्वजांनी या वाद्यांना नाव दिले तेही असेच अचूक. भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग आहेत: तत, अवनद्ध, घन आणि सुषिर. फुंकून वाजवायची वाद्ये ती सुषिर, म्हणजे पोकळ, छिद्रे असलेली. नाव दिले ते लाकडाला नव्हे, पोकळीला! मात्र भोके कोठे पाडायची, हे कान आणि बोटे यांनीच ठरत असे. जर्मनीतील होले फेल्स नावाच्या गुहेत 2008 साली गिधाडाच्या हाडाची एक बासरी सापडली. ती निदान 35,000 वर्षांपूर्वीची आहे, आणि तिच्यावर पाच भोके आहेत. त्या कारागिरालाही हाताला कान लावूनच काम करावे लागले असणार.

या रिवाजाला पहिला मोठा धक्का दिला तो म्यूनिकच्या थेओबाल्ड बोएमने. त्याचा जन्म 1794 चा. घरचा धंदा सोनाराचा, आणि हा स्वतः सोनारही आणि उत्तम बासरीवादकही. त्या काळच्या युरोपी बासरीची अडचण अशी होती की, भोके बोटे पोचतील तेथे पाडलेली असत. हवेला हवी तेथे ती नसत. मग सूर जुळवण्यासाठी कोठे भोक लहान करा, कोठे मोठे करा, असे चाले. परिणामी एक स्वर ठणठणीत, तर शेजारचा मेलेला. 1831 साली बोएम लंडनला गेला असताना त्याने चार्ल्स निकल्सनचे वादन ऐकले. निकल्सनच्या बासरीची भोके मोठी होती आणि तिचा आवाज भरदार. बोएमच्या मनाने घेतले की, आपल्याला वाद्यच नव्याने घडवले पाहिजे.

1832 मध्ये त्याने एक नवी रचना केली. पण तेवढ्याने त्याचे समाधान झाले नाही. पन्नाशी उलटल्यावर हा नामांकित वादक प्राध्यापक शाफहॉइट्ल यांच्याकडे ध्वनिशास्त्र शिकायला बसला! त्याने अनेक नळ्या करून पाहिल्या. एक नळी तर अशी होती की तिचे तुकडे एकेक करून काढता येत. तुकडा काढला की पुढचा स्वर. अशा रीतीने हवेला कोणत्या स्वरासाठी किती लांबी लागते हे त्याने मोजले. 1847 ची त्याची बासरी या मोजमापावर उभी आहे. भोके शास्त्राला हवी तेथे आणि होतील तितकी मोठी. बोटे पोचत नाहीत? मग गादी लावलेली झाकणे आणि ती दाबायला तरफा बसवा. बोटांसाठी हवा नव्हे, तर हवेसाठी बोटे!

यात खरी किंमत मोजायची होती ती वादकांना. ज्यांनी उभी हयात जुन्या बासरीवर घालवली, त्यांनी बोटे पुन्हा पहिल्यापासून घडवायची. पॅरिसच्या संगीत विद्यालयातील थोर शिक्षक तुलू यांनी या बासरीला अखेरपर्यंत विरोध केला. ते निवृत्त झाले आणि दोर्यू यांच्या हाती शिकवणे आले, तेव्हा, म्हणजे 1860 मध्ये, ती तेथे शिरली. तुलूंना हट्टी म्हणणे सोपे आहे. पण हाताला बसलेले वळण मोडणे किती जड असते, हे शिक्षकांना सांगायला नको.

आणि मौज पाहा. हवेचा एवढा हिशेब करणारा बोएमही मानत असे की चांदीच्या बासरीचा सूर वेगळा आणि लाकडीचा वेगळा. ही समजूत त्याच्या मागेही टिकली. 1971 साली जॉन कोल्टमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने चांदीची, तांब्याची आणि लाकडाची अशा तीन बासऱ्या आतून एकाच मापाच्या करवल्या आणि न दाखवता ऐकवल्या. कोणती कशाची, हे ऐकणारांना ओळखता आले नाही. आतली पोकळी आणि तोंडाजवळच्या भोकाची कड, या दोहोंतच बहुतेक सारे येते.

आपल्याकडे हाच पेच निराळ्या वाटेने सुटला. पन्नालाल घोष 1940 साली मुंबईस आले. ख्याल गायकीला शोभेल असा खोल सूर हवा, म्हणून त्यांनी सुमारे 32 इंच लांबीची बासरी हाती घेतली. नळी लांब झाली की भोकांमधले अंतर वाढणारच. पण त्यांनी झाकणे बसवली नाहीत, बोटेच ताणली. कारण भोकावरून बोट हळूहळू सरकवले तर मींड निघते; झाकण लावले की ती अवघड होते. पुढे 1956 मध्ये ते दिल्ली आकाशवाणीच्या वाद्यवृंदाचे संचालक झाले, आणि 1960 मध्ये निवर्तले. बोएमने बोटे हवेच्या स्वाधीन केली ती यंत्राने, पन्नालालांनी ती केली रियाजाने. नियम मात्र दोघांनाही एकच पाळावा लागला.

शिक्षक बंधुभगिनींनो, हा पाठ वर्गात जरूर करून पाहा. सारख्या लांबीरुंदीच्या नळ्या घ्या: एक देठाची, एक पुठ्ठ्याची, एक बांबूची. सूर जवळपास सारखाच येतो की नाही, हे मुलांनाच ठरवू द्या. आणि पहाटेच्या काकडआरतीला बासरीवाला वाजवण्याआधी नळीत ऊन श्वास सोडताना दिसला, तर मुलांना विचारा की तो असे का करतो. थंड हवेत लाट सावकाश धावते आणि सूर उतरतो, हे त्याला पुस्तकाने शिकवलेले नसेल; पण ठाऊक आहे.